अनामत रकमेतून 64,000 रुपये कापले: बाथरूमच्या गळतीचा खर्च भाडेकरूचा की घरमालकाचा?

वळचण (सोमवार, रात्री 10.20)

सर्वांना नमस्कार. मुलुंड पूर्वेतील एका सातमजली सोसायटीत चौथ्या मजल्यावर आम्ही 33 महिने भाड्याने राहिलो आणि गेल्या महिन्याच्या 30 तारखेला जागा रिकामी करून किल्ल्या दिल्या. करार लिव्ह अँड लायसन्सचा, रीतसर नोंदवलेला होता. भाडे दरमहा 38,000 रुपये आणि अनामत 1,50,000 रुपये. भाडे एकदाही थकले नाही; विजेचे आणि गॅसचे बिल शेवटच्या दिवसापर्यंत भरून पावत्या हातात दिल्या. तरीही अनामतीपैकी 86,000 रुपयेच परत आले. उरलेल्या 64,000 रुपयांचा हिशेब घरमालकांनी व्हॉट्सॲपवर पाठवला, तो असा: संपूर्ण घराची रंगरंगोटी 28,000, बाथरूमची गळती आणि खालच्या घराचे छत 22,000, स्वयंपाकघराच्या ओट्याचा ग्रॅनाइट 6,000, नवा गिझर 5,500 आणि भिंतीतील भोके, बेलचे बटण वगैरे किरकोळ 2,500.

जे आमच्या हातून झाले ते आधीच कबूल करतो. ओट्याच्या कडेवर नारळ फोडण्याची सवय आमची होती आणि ग्रॅनाइटचा कोपरा त्यानेच उडाला. हॉलच्या भिंतीवर आमच्या मुलाने तेलकट खडूंनी बारा डब्यांची लोकल काढली आहे. ती विजेच्या बोर्डापासून खिडकीपर्यंत जाते आणि साबणाने पुसल्यावर अधिकच पसरली. भोकांबद्दल मात्र थोडे सांगायला हवे. घर ताब्यात घेताना मालकांनी मोबाइलचा दिवा लावून भिंतीवरची भोके एकेक करून मोजली आणि ती अकरा भरली. त्यांपैकी चार आमच्या आधीची आहेत, कारण त्यांत पुटी भरून वरून रंग दिल्याचे स्पष्ट दिसते. मी तसे म्हणालो तेव्हा उत्तर मिळाले, "फोटो आहे का?" फोटो नव्हता. राहायला आलो त्या दिवशी सामान चढवण्याच्या गडबडीत एकही फोटो काढला गेला नाही.

खरा वाद गळतीचा आहे. गेल्या वर्षी जुलैमध्ये तिसऱ्या मजल्यावरील कुटुंबाने आमच्या बाथरूमखाली त्यांच्या छताला ओल आल्याचे सांगितले. मी त्याच दिवशी मालकांना फोटोसह कळवले. ते तीन आठवड्यांनी प्लंबर घेऊन आले. त्याने लाद्यांच्या सांध्यांत व्हाइट सिमेंट भरले आणि तासाभरात निघून गेला. दिवाळीपर्यंत ओल पुन्हा दिसू लागली. आता त्यांचे म्हणणे असे की घर दिले तेव्हा गळती नव्हती, तुमच्या काळात सुरू झाली, म्हणजे ती तुमच्या वापरामुळे झाली. करारात (त्यात परवानाधारक म्हणजे आत राहणारे आम्ही) "नैसर्गिक झीज वगळता, परवानाधारकाच्या किंवा त्याच्या माणसांच्या कृतीमुळे झालेले नुकसान परवानाधारकाने भरून द्यावे" असे वाक्य आहे. आमच्या राहण्याच्या काळात झाले आणि आमच्यामुळे झाले, या दोन गोष्टी एकच मानायच्या का?

तगर (सोमवार, रात्री 11.45)

मी या प्रश्नाच्या पलीकडच्या बाजूला आहे. पार्ल्यात आमचे दोन खोल्यांचे घर आहे आणि त्याच्या भाड्यावर माझे घर चालते. अशा चर्चांत घरमालक म्हणजे टपून बसलेला सावकार असेच चित्र उभे राहते, म्हणून माझा अनुभव सांगते. मागच्या भाडेकरूने जागा सोडली तेव्हा एसीच्या नळीसाठी खिडकीची काच कापलेली होती, चिकटवलेले हुक ओढून काढल्यामुळे भिंतीचे पुटीसकट पापुद्रे निघाले होते आणि सिंकखालच्या कपाटात कित्येक महिने पाणी झिरपून प्लायवूड फुगले होते. नळाचा दोन रुपयांचा वायसर वेळेवर बदलला असता तर ते कपाट वाचले असते. दुरुस्तीला 72,000 रुपये लागले. अनामत होती 60,000. वरचे 12,000 रुपये मी कोणाकडे मागायचे?

तुम्ही गळती लगेच कळवलीत ही गोष्ट तुमच्या बाजूची आहे. तरी दोन प्रश्न विचारते आणि त्यांची उत्तरे प्रामाणिकपणे द्यावीत. तुम्ही राहायला आलात तेव्हा घराचा रंग किती जुना होता? आणि बाथरूमच्या लाद्या कशाने धूत होता?

ओळंबा (मंगळवार, सकाळी 7.10)

तगरताईंचा दुसरा प्रश्न मर्मावर बोट ठेवणारा आहे. मी स्थापत्य अभियंता असून निवृत्तीपूर्वी अनेक वर्षे जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम केले. मुंबईतील घरमालक आणि भाडेकरू यांच्या भांडणांतील मोठा वाटा बाथरूमखालच्या छतावर उमटलेल्या डागाचा असतो, आणि बहुतेक वेळा ते पाणी नेमके कोठून येते हे कोणी तपासलेलेच नसते. डाग पाहून दोषी ठरवणे म्हणजे ताप पाहून आजाराचे नाव सांगणे.

बाथरूमच्या गळतीला तीन प्रमुख वाटा असतात. पहिली वाट म्हणजे भिंतीत गाडलेली, पाण्याचा दाब असलेली नळी. जुन्या इमारतींत ती बहुधा लोखंडी, गॅल्व्हनाइज्ड असते आणि ओल्या सिमेंटमध्ये वर्षानुवर्षे राहून बाहेरून गंजत जाते. दुसरी वाट सांडपाण्याची: बाथरूमच्या जाळीखालचे, पाणी वाहून नेणारे भांडे, प्लंबर ज्याला नानी ट्रॅप म्हणतात, त्याचा आणि खालच्या पाइपाचा सांधा सैल होतो. तिसरी वाट जमिनीची: लाद्यांच्या सांध्यांतून उतरलेले पाणी खालच्या कोब्यात, म्हणजे विटांच्या तुकड्यांच्या थरात, साठते आणि तेथील वॉटरप्रूफिंग संपलेले असेल तर स्लॅबमधून खाली येते.

या तिन्ही वाटा वेगळ्या ओळखता येतात आणि त्यासाठी लादी फोडावी लागत नाही. प्रथम नानी ट्रॅपचे तोंड कापडाचा बोळा आणि प्लास्टिक घालून घट्ट बंद करावे, जमिनीवर दोन इंच पाणी भरावे, त्यात थोडा रंग मिसळावा आणि किमान 24 तास, जमल्यास 48 तास तसेच ठेवावे. खालच्या डागाभोवती आधी पेन्सिलीने रेघ ओढून ठेवावी. डाग रेघेबाहेर सरकला किंवा थेंबाला रंग आला, तर दोष जमिनीचा. डाग हलला नाही, तर बोळा काढून तेच पाणी एकदम सोडावे. त्यानंतर थेंब पडू लागले, तर दोष ट्रॅपचा किंवा सांडपाण्याच्या पाइपाचा. तेव्हाही काही झाले नाही, तर गच्चीवर जाऊन आपल्या घराला पाणी सोडणारा कॉक एक-दोन दिवस बंद ठेवावा. तेवढ्याने खालचे ठिबकणे थांबले, तर दाबाची नळी फुटली आहे असे समजावे. गिझरचा इनलेट कॉक बंद ठेवून गरम पाण्याची नळी आणखी वेगळी काढता येते. पावसाळ्याच्या दिवसांत बाहेरच्या भिंतीतून येणारी ओलही याच डागात मिसळू शकते, म्हणून जुलैमधल्या तक्रारीवर फार भिस्त ठेवू नये. डाग दिवाळीनंतरही वाढत असेल तर पावसाचा संबंध कमी.

आता भाडेकरूचा दोष कोठे येतो ते सांगतो. बाजारात लाद्या चकचकीत करण्यासाठी जे ॲसिड मिळते ते सांध्यांतील सिमेंट खाते. दर आठवड्याला ते ओतले तर वर्षभरात सांधे पोकळ होतात. परंतु सांधा हे जलरोधाचे खरे साधन नव्हे. ते काम खालच्या थराचे आहे. खालचा थर शाबूत असेल तर उघड्या सांध्यांतून उतरलेले पाणी स्लॅबपर्यंत पोहोचू नये. म्हणून ॲसिड वापरले असल्यास सांधे पुन्हा भरण्याचा खर्च भाडेकरूचा आणि वॉटरप्रूफिंगचा खर्च मालकाचा, अशी वाटणी मला न्याय्य वाटते.

वळचण (मंगळवार, दुपारी 1.30)

तगरताई, रंग आम्ही येण्याच्या दोन वर्षे आधी दिलेला होता असे मालकांनीच त्या वेळी सांगितले होते. ॲसिडबद्दल लपवत नाही: घरकामाच्या मावशी पंधरा दिवसांतून एकदा ते वापरत होत्या आणि आम्हाला त्यात गैर काही वाटले नाही. लाद्या स्वच्छ राहतात म्हणून मालकही एकदा खूश झाले होते.

निशाणी (मंगळवार, रात्री 9.05)

मी वकिली करते, मात्र या प्रतिसादाला सल्ला न समजता माहिती समजावे. कागद पाहिल्याशिवाय सल्ला देता येत नाही.

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 नुसार जागा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, हे वाक्य सर्रास उद्धृत केले जाते. ते खरे असले तरी ते भाडेकरूसाठी आहे. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारी व्यक्ती कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून परवानाधारक असते, आणि तिचे हक्क मुख्यतः करारात जे लिहिले आहे त्यावरून ठरतात. बोलताना आपण सगळेच भाडेकरू म्हणतो, पण दुरुस्तीच्या भांडणात हा फरक महत्त्वाचा ठरतो.

"नैसर्गिक झीज वगळता" हे शब्द आपल्या करारांत आले ते मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 108 मधून. तेथे पट्टेदाराने, म्हणजे भाडेपट्ट्याने जागा घेणाऱ्याने, जागा जशी घेतली तशी ठेवावी असे सांगून दोन अपवाद केले आहेत: वाजवी झीज आणि ज्याला रोखता येत नाही अशी शक्ती. ते कलम पट्ट्यासाठी असले तरी तुमच्या करारात तीच कल्पना शब्दांत उतरली आहे आणि तुमच्या मालकांनी त्यावर सही केली आहे. त्यामुळे त्यांना नुसते "तुमच्या काळात झाले" असे म्हणून भागणार नाही. नुकसान तुमच्या किंवा तुमच्या माणसांच्या कृतीमुळे झाले हे दाखवण्याचा भार, माझ्या मते, जो पैसे कापतो त्याच्यावर आहे. एवढे मात्र लक्षात ठेवावे की मावशी "तुमच्या माणसांत" मोडतात.

अनामत ही मालकाची कमाई नव्हे. प्रत्यक्ष नुकसान जेवढे झाले त्याची वाजवी भरपाई मागता येते. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 74 मागची कल्पनाही हीच आहे की करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी तो कमाल मर्यादा ठरतो, भरपाई वाजवीच मिळते. म्हणून प्रत्येक कपातीमागची पावती मागा. अंदाजपत्रक म्हणजे पावती नव्हे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने जून 2021 मध्ये जो आदर्श भाडेकरार कायदा मंजूर केला त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत दुरुस्तीची वाटणी दिलेली आहे. तो राज्यांसाठी नमुना आहे, त्यामुळे मुंबईत तो आपोआप लागू होत नाही. पण वाटाघाटीत मापदंड म्हणून फार उपयोगी पडतो. त्यात भिंतींची सफेदी, गरजेनुसार नळ्या बदलणे आणि वायरिंग या गोष्टी मालकाकडे आहेत. नळ आणि वायसर बदलणे, सांडपाण्याची वाट साफ करणे, बटणे, काचा, कुलपे आणि गिझरची दुरुस्ती या गोष्टी भाडेकरूकडे आहेत. म्हणजे गिझरच्या बाबतीत तो नमुना तुमच्या बाजूने नाही. अर्थात दुरुस्ती आणि नवा गिझर यांत अंतर आहे. जुन्या गिझरचे वय विचारा.

गिरगाव_चौथा_मजला (मंगळवार, रात्री 10.40)

निशाणीताईंनी कलम 14 काढलेच आहे तर आम्हा पागडीवाल्यांचाही, म्हणजे एकरकमी पागडी देऊन जुन्या नाममात्र भाड्यावर राहणाऱ्यांचा, अनुभव ऐका, कारण ते कलम खरोखर आमच्यासाठी आहे. मालकाने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूने 15 दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशी सोय त्यात आहे. मात्र एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. आमचे भाडे महिन्याला 180 रुपये. वर्षाचे 2,160 आणि त्याचा चौथा हिस्सा 540 रुपये. एवढ्यात प्लंबर जिना चढून वर येतो आणि काम न पाहताच परत जातो. शेवटी मोरीची लादी आम्हीच बदलतो, नळी आम्हीच बदलतो आणि मालकाला कळवतही नाही, कारण कळवले की तो "परवानगी न घेता बांधकाम केले" असे पत्र पाठवतो. त्या कायद्यात मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायम स्वरूपाचे बांधकाम करणे हे जागा खाली करून घेण्याचे एक कारण आहे, आणि त्याला ते पाठ आहे.

पागोळी (बुधवार, सकाळी 8.25)

"रोखता येत नाही अशी शक्ती" हे शब्द वाचून 26 जुलै 2005 आठवला. सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या दिवशी 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आम्ही तेव्हा कालिन्यात तळमजल्यावर भाड्याने राहत होतो आणि घरात कमरेएवढे पाणी होते. फर्निचर मालकांचे होते: दोन पलंग, एक कपाट आणि सोफा. पाणी ओसरल्यावर त्यांनी नवे फर्निचर आम्ही घ्यावे असे सांगितले, कारण "तुम्ही वेळेवर ते वर उचलून ठेवले नाही". माझ्या वडिलांनी शांतपणे विचारले की छातीएवढे उंच कपाट कशावर उचलून ठेवायचे होते. अनामत पूर्ण परत मिळाली, पण त्यासाठी आठ महिने लागले.

तगर (बुधवार, सकाळी 11.15)

रंगाच्या बाबतीत मी वळचण यांच्या बाजूची नाही. आमच्याकडे घर सोडताना एक महिन्याचे भाडे रंगासाठी धरण्याची पद्धत पूर्वापार आहे आणि दलाल ती दोन्ही पक्षांना आधीच सांगतात. तुमच्या मालकांनी तर 38,000 न धरता 28,000 धरले आहेत. शिवाय भिंतीवर आगगाडी आहे ती वेगळीच.

ओळंबा (बुधवार, दुपारी 12.40)

ताई, पद्धत करारात लिहिलेली असेल तर गोष्ट वेगळी. येथे करारात नैसर्गिक झीज वगळली आहे आणि रंग फिका पडणे याइतकी नैसर्गिक झीज दुसरी नाही. हिशेब करून पाहू. मुंबईच्या दमट हवेत घरातील साध्या रंगाचे आयुष्य ढोबळपणे पाच वर्षे, म्हणजे 60 महिने धरा. राहायला येताना तो 24 महिने जुना होता आणि हे 33 महिने राहिले. एकूण 57. उरले तीन महिने. 28,000 भागिले 60, गुणिले 3, म्हणजे 1,400 रुपये. विम्याचे सर्वेक्षकही जुन्या वस्तूवर घसारा धरतात, तोच हा विचार. नव्या रंगाचा पूर्ण खर्च भाडेकरूकडून घेतला तर मालकाला जुन्याच्या बदल्यात नवे फुकट मिळते.

तगर (बुधवार, दुपारी 1.20)

कागदावर हिशेब सुंदर आहे. परंतु रंगारी तीन महिन्यांचा रंग देत नाही, पूर्ण भिंतीचा देतो. तेलकट खडूवर साधा रंग टिकत नाही. खालून डाग पुन्हा वर येतो, म्हणून आधी भिंत घासून प्रायमर द्यावा लागतो. आगगाडी नसती तर कदाचित मी आणखी वर्षभर त्याच रंगावर घर भाड्याने दिले असते. त्या भिंतीचा पूर्ण खर्च भाडेकरूचाच, मग रंग कितीही जुना असो.

ओळंबा (बुधवार, दुपारी 1.55)

त्या एका भिंतीपुरते आपले म्हणणे मान्य. बाकी खोल्यांच्या बाबतीत माझे मत कायम आहे.

सचिव_निरुपाय (बुधवार, रात्री 9.50)

मी एका सोसायटीचा सचिव आहे आणि दर पावसाळ्यात अशा दोन-तीन भांडणांच्या मध्ये सापडतो. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमांनुसार, बाहेरच्या सामाईक पाइपांमुळे आणि पावसाच्या पाण्यामुळे होणाऱ्या गळतीची दुरुस्ती सोसायटीने करायची असते. घराच्या आतील बाथरूम आणि नळ्यांमुळे होणाऱ्या गळतीची दुरुस्ती त्या सदनिकेच्या सभासदाने करायची असते. येथे सभासद म्हणजे मालक. आमच्या दृष्टीने परवानाधारक अस्तित्वातच नसतो. नोटीस मालकाच्या नावे निघते आणि खालच्या घराचे छतही त्यानेच करून द्यायचे असते. पुढे तो खर्च त्याला आत राहणाऱ्याकडून वसूल करता येईल की नाही, हा त्या दोघांमधील करार.

वळचण यांना माझी सूचना अशी की सोसायटीच्या कार्यालयात जाऊन तिसऱ्या मजल्याच्या जुन्या तक्रारी पाहण्याची विनंती करावी. आमच्याकडे एका घराबाबत भाडेकरू भांडत होता आणि दप्तरात त्याच बाथरूमची सहा वर्षांपूर्वीची तक्रार निघाली. त्या एका कागदाने प्रकरण संपले.

निशाणी (बुधवार, रात्री 10.30)

सचिवांची सूचना उत्तम आहे. आणखी दोन मुद्दे लिहून ठेवते, कारण हा धागा पुढे कोणी शोधत येईल.

एक, अनामत मिळाली नाही म्हणून मुदत संपल्यावरही किल्ल्या अडवून धरू नयेत, करारात तशी स्पष्ट मुभा असेल तरच तो विचार करावा. 1999 च्या कायद्याच्या कलम 24 नुसार मुदत संपल्यावरही परवानाधारक बसून राहिला, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. 38,000 च्या घराला ती महिन्याला 76,000 होते. वळचण यांनी किल्ल्या दिल्या हे बरे केले.

दोन, कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदवलेला असावा लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत आत राहणाऱ्याचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, ग्राह्य धरले जाते. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. मुद्रांक वाचवण्यासाठी साध्या कागदावर सह्या करून घेणाऱ्या मालकांना हे ठाऊक नसते.

वळचण यांनी आता मुद्देसूद पत्र पाठवावे: कोणती कपात मान्य, कोणती अमान्य, का, आणि कोणत्या तारखेपर्यंत उत्तर हवे. गळती कळवल्याचे व्हॉट्सॲप संदेश पुसू नयेत आणि फोनही बदलू नये. वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 नुसार प्रमाणपत्र जोडून ते न्यायालयात दाखल करता येतात. दाव्याआधी विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून लोकअदालतीत तडजोडीचा प्रयत्नही करता येतो. 64,000 रुपयांसाठी वर्षानुवर्षे तारखा घेण्यापेक्षा मी तो मार्ग आधी सुचवते.

वळचण (पुढील महिन्याची 12 तारीख, रात्री 9.15)

उशिराने लिहितो आहे, क्षमस्व. निशाणीताईंच्या सांगण्यानुसार पत्र पाठवले. ग्रॅनाइट आणि भोके मान्य केली, आगगाडीची भिंत मान्य केली, बाकीचे अमान्य केले. शेवटी ओळंबाकाकांची चाचणी लिहून काढली आणि असे म्हटले की ती आमच्या सोसायटीच्या सचिवांच्या समोर करावी; दोष जमिनीत निघाला तर सांधे भरण्याचा खर्च माझा. मालक प्रथम रागावले. नंतर खालच्या मजल्यावरील काकूंनीच त्यांना सांगितले की आमचे छत नुसते रंगवून चालणार नाही, आधी पाणी कोठून येते ते पाहा.

घर अजून रिकामेच होते. शनिवारी सकाळी बाथरूममध्ये पाणी भरले. होळीचा उरलेला गुलाबी रंग आम्हीच नेला होता. रविवारी सकाळी खाली जाऊन पाहिले तर डाग पेन्सिलीच्या रेघेच्या आत जसाच्या तसा आणि थेंब मात्र पडतच होते, पण रंगहीन. बोळा काढून पाणी सोडले, तरी फरक नाही. मग गच्चीवरचा कॉक बंद केला. सोमवारी संध्याकाळी काकूंचा फोन आला की बादलीत दिवसभरात एक थेंबही पडलेला नाही. कॉक पुन्हा सुरू केला, पण गिझरचा इनलेट बंद ठेवला; तरीही कोरडे. इनलेट उघडल्यावर रात्री नऊच्या सुमारास पुन्हा ठिबकू लागले. मालक तेव्हा काकूंच्या घरातच उभे होते. ते काही बोलले नाहीत, फक्त डोके मागे करून बराच वेळ छताकडे पाहत राहिले.

गळतीचे 22,000 रुपये पूर्ण परत मिळाले. गिझर बारा वर्षांचा निघाला आणि त्याची टाकी तळाशी गंजलेली होती. केवळ कॉइल बदलली असती तर जो खर्च आला असता तो, म्हणजे 1,500 रुपये, मी दिला आणि 4,000 परत घेतले. रंगावर मात्र दोन संध्याकाळी घासाघीस झाली. ओळंबाकाकांचे 1,400 त्यांना मान्य नव्हते आणि त्यांचे 28,000 मला. शेवटी भिंत घासणे, प्रायमर आणि किचनमधील तेलकट कोपरा धरून 12,000 वर ठरले आणि 16,000 परत आले. भोके आणि ग्रॅनाइट यांचे 8,500 आम्ही सोडून दिले. त्या चार भोकांचा फोटो नाही तो नाहीच. एकंदर 64,000 पैकी 42,000 हाती आले. बायकोच्या हिशेबाने आगगाडी डब्यामागे हजार रुपयांना पडली.

तगर (12 तारीख, रात्री 10.05)

12,000 कमीच आहेत असे माझे मत आहे, तरी मिटले हे उत्तम झाले. नव्या घरात राहायला जाताना आधी रिकाम्या घराचे चित्रण केलेत का?

वळचण (12 तारीख, रात्री 10.30)

केले. प्रत्येक नळ उघडून, फ्लश ओढून, सिंकखाली दिवा धरून चौदा मिनिटांचे चित्रण केले आणि त्याच संध्याकाळी नव्या मालकीणबाईंना पाठवले. त्यांनी ते पाहून दुसऱ्या खोलीतल्या खिडकीची तुटलेली कडी स्वतःहून बदलून दिली. करारासोबत सामानाची यादीही जोडली आहे, पंख्यांच्या रेग्युलेटरसकट.

ओळंबा (13 तारीख, सकाळी 6.50)

ती गरम पाण्याची नळी बाहेर काढली असेल तर ती कोणती होती आणि भोक कोठे होते, हे कळेल का?

वळचण (13 तारीख, सकाळी 9.40)

जीआयची, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड लोखंडाची होती. कापलेला तुकडा प्लंबरने मला दाखवला. कोपऱ्यावरच्या एल्बोच्या (वळणाच्या जोडाच्या) जरा अलीकडे, भिंतीकडच्या बाजूने, बाहेरून गंजाचा फोड होता आणि त्याच्या मध्यभागी टाचणीच्या टोकाएवढे छिद्र. मालकांनी आता नवी नळी भिंतीच्या बाहेरून घेतली आहे. दिसायला चांगली दिसत नाही, पण पुढच्या वेळी फोडाफोड करावी लागणार नाही असे प्लंबर म्हणाला.